स्वमग्न मूल आणि एकटी पडलेली आई

'मूल बोलत नाही? आईला नोकरी सुटत नाही ना!' 'गरोदरपणी काही पाळलं नसेल.' स्वमग्न मुलांच्या आयांना हे आजही ऐकावे लागते. मूल नजरेला नजर देत नाही, मिक्सरच्या आवाजाने कान झाकून किंचाळते, तेव्हा घरादाराची बोटे आधी आईकडे वळतात.

हा आरोप केवळ सासरच्यांचा नाही, तज्ज्ञांनीही तो केला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात स्वमग्नतेचे खापर आईच्या थंड वागण्यावर फोडले. वास्तविक स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच तिचे मूळ शरीरात असल्याचे मांडले होते. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता सर्वमान्य आहे.

विज्ञानाने आईला दोषमुक्त केले. भार मात्र तिच्याच डोक्यावर राहिला. उपचारांना नेणे, शाळांचे उंबरठे झिजवणे, रात्री जागणे, हे सारे तिचेच. नोकरी सोडायची ती तिनेच. २०२४ मध्ये एका आईच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश सरकारला अपंग मुलांच्या आयांच्या बालसंगोपन रजेचा विचार करायला सांगितले. निकाल स्वागतार्हच आहे. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईला ही रजा कोण देणार? आणि बापाने रजा का घेऊ नये?

या आया एकत्र आल्या तेव्हा चित्र हलले आहे. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. पालकांनी आवाज उठवला आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. २०१६ च्या हक्क कायद्यातही आहे. न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. वस्तीतल्या आईपर्यंत ही माहिती पोचवायची कोणी?

मैत्रिणींनो, हे काम आपले आहे. घरातले बिनमोल श्रम हा आपला जुना प्रश्न. त्याचे हे सर्वांत कठोर रूप आहे. महिला मंडळांनी आणि बचत गटांनी अशा आयांची नावे काढावीत, महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसवावे. पाळीपाळीने मुले सांभाळून प्रत्येकीला चार तास मोकळे द्यावेत. बापांना बैठकीला बोलवावे. मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींचेही ऐकावे. आणि सभेत एखादे मूल ओरडले, तर त्याच्या आईला उठून बाहेर जावे लागू नये. निदान आपल्या सभेत तरी.