जुन्या फोनांची गाठ

जुने सॉफ्टवेअर किती काळ सांभाळावे, या प्रश्नाशी गाणे शिकविणाऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. वडील बडोद्याच्या दरबारी नोकरीत होते, त्या काळी गाणे ऐकावयास वाड्यावर जावे लागे. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. माझी निम्मी शिकवणी आज फोनवरून चालते.

गेल्या वर्षी दांडियाबाजारातील एका आजींचा फोन असाच मुका झाला. फोन धडधाकट, रिचार्ज भरलेला. परंतु ज्या ॲपवरून त्या माझ्याकडून बंदिशी घेत, त्याने एका सकाळी इंग्रजीत कळविले की फोनातील प्रणाली जुनी झाली, आता नवा फोन घ्यावा. वडिलांच्या आवाजातील काही चिजा जुन्या टेपांवरून उतरवून मी त्यांना धाडल्या होत्या. त्याही आत अडकल्या. नातवाच्या फोनवरून त्यांनी विचारले, “मास्तर, माझं काही चुकलं का हो?” त्यांचे काहीच चुकले नव्हते.

कंपन्या म्हणतात, प्रत्येक जुन्या आवृत्तीवर नवे काम पुन्हा तपासून पाहावे लागते, खर्च वाढतो. ते खरे आहे. पण जाळे वाढावयाचे तर जुन्याला बाहेर काढलेच पाहिजे, हे मात्र मला मान्य नाही. ई-मेलचेच पाहा. तिचे मूळ नियम १९८२ सालचे. पत्र घेऊन आलेले यंत्र दुसऱ्याच्या दारात ‘हेलो’ म्हणे, मग देवघेव सुरू होई. १९९३ मध्ये नव्या सोयींसाठी ‘एहलो’ हा नवा शब्द ठरला. समोरच्या यंत्राला तो कळला, तर ते आपल्याला काय काय येते याची यादी सांगते. न कळला, तर ‘आज्ञा समजली नाही’ एवढेच म्हणते, आणि नवे यंत्र मुकाट्याने ‘हेलो’ म्हणून कामाला लागते. जाणता गवई नव्या तबलजीचा हात पाहून लय धरतो, त्यातलाच हा प्रकार. (तशी लय न धरणारे गवईही मी पाहिले आहेत. असो.)

दुसरे उदाहरण अलीकडचे. संकेतस्थळ खरे की खोटे, हे फोन प्रमाणपत्रावरून ओळखतो, आणि कोणाची प्रमाणपत्रे मानावयाची ती यादी फोनातच असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते. जुन्या फोनांच्या यादीत तिचे नाव नव्हते. तेथे तिचे काम दुसऱ्या एका जुन्या संस्थेच्या सहीवर चाले, आणि ती सोय सप्टेंबर २०२१ मध्ये संपणार होती. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन अडतील, असे तिने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केले. असे फोन त्या वेळी अँड्रॉइड फोनांपैकी सुमारे एक-तृतीयांश होते! पुढच्याच महिन्यात वाट निघाली. अँड्रॉइड त्या मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासत नाही, हे ध्यानी घेऊन त्याच जुन्या संस्थेची नवी सही मिळविण्यात आली, आणि जुन्या फोनांना सप्टेंबर २०२४ पर्यंत अवधी लाभला.

अर्थात सांभाळणे आंधळे नसावे. २०१४ साली ‘पूडल’ नावाचा दोष उघडकीस आला. मध्ये बसलेला लबाड मुद्दाम बोलणी मोडी. मग दोन्ही यंत्रे १९९६ सालच्या कच्च्या कुलपावर उतरत आणि चोराचे फावे. अशी कुलपे काढलीच पाहिजेत. आजींचे बँकेचे व्यवहार त्यांवर सोपवा, असे मी कदापि म्हणणार नाही.

पण कुलूप बदलणे वेगळे आणि दार विटांनी बुजविणे वेगळे. बंद करणे अटळच असेल, तर निदान दोन वर्षे आधी सांगावे, वापरणाऱ्याच्या भाषेत सांगावे, आणि आत साठविलेले सारे साध्या फायलींच्या रूपात काढून घेण्याची सोय त्यानंतरही वर्षभर ठेवावी. प्रमाणपत्रे फुकट वाटणाऱ्या एका संस्थेला तीन वर्षांची मुदत मिळविता आली; नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांना एवढे का जमू नये?