ट्रेमेचा रस्ता कुणाचा?

यंदाचा दिवाळी अंक 'संगीत आणि शहर' या विषयावर काढायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव मनात आलं ते ट्रेमेचं. न्यू ऑर्लिन्समधली ही वस्ती अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी एक. तिच्या कडेच्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलामगिरीत राबणारी आफ्रिकी माणसं दर रविवारी जमत, ढोल वाजवत, नाचत, बाजार भरवत. १८१७च्या हुकुमानं त्यांना एकत्र यायला तेवढा एकच दिवस आणि एकच जागा ठेवली होती. पुढे याच शहरात जाझ जन्मला.

ट्रेमेचं संगीत रस्त्यावर वाढलं. विमा कंपन्या काळ्या माणसांना दारात उभं करत नसत, म्हणून त्यांनी आपली मदत मंडळं काढली. आजारपण आणि अंत्यविधी वर्गणीतून भागायचे. सभासद गेला की दफनभूमीपर्यंत ब्रास बँड संथ, जड सूर वाजवायचा. परतताना तोच बँड उसळायचा आणि मागून सगळी गल्ली नाचत निघायची. या मागच्या लोंढ्याला 'सेकंड लाइन' म्हणतात. त्यात चालता चालता पोरं ट्रम्पेट शिकली, आजही शिकतात.

या वाद्यांचं ऋण आपल्यावरही आहे. न्यू ऑर्लिन्सच्या लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटचं वेड घेतलेले गोव्याचे चिक चॉकलेट मुंबईत आले, आणि १९५१च्या 'अलबेला' चित्रपटात अण्णा चितळकरांच्या चालींवर त्यांचा ताफा वाजला. भगवानदादांची पावलं ज्या तालावर पडली, त्याचं एक मूळ न्यू ऑर्लिन्समध्ये आहे.

पण त्या शहरानं हा वारसा जपला नाही. आर्मस्ट्राँग जन्मला ते तिथलं घर १९६४ साली पाडलं गेलं. १९६६मध्ये ट्रेमेतल्या क्लेबॉर्न अ‍ॅव्हेन्यूवरचे जुने ओक तोडून महामार्गाचा उड्डाणपूल आणला. त्या ओकांच्या सावलीत कार्निव्हलला कुटुंबं जमत, आसपास काळ्या व्यापाऱ्यांची दुकानं होती. सांस्कृतिक संकुलासाठी ट्रेमेतल्या घरांच्या रांगा भुईसपाट केल्या, आणि त्या जागेवर १९८०मध्ये जे उद्यान झालं, त्याला नाव दिलं आर्मस्ट्राँगचंच. याचा आम्हाला संताप येतो.

२००५च्या कतरिना वादळानंतर भाडी चढली, कितीतरी घरं पर्यटकांची उतरण्याची ठिकाणं झाली. मिरवणुकीचं परवाना शुल्क वाढलं, तेव्हा मंडळांना कोर्टात जावं लागलं. २००७मध्ये तर एका वादकाच्या शोकमिरवणुकीतच पोलिसांनी दोघा वादकांना अटक केली. जुन्या घरांचे दर्शनी भाग राखायला नियम आहेत, ते असायलाच हवेत. पण पर्यटक ज्याला ऐकायला येतात, त्यालाच तिथे राहणं परवडत नसेल, तर राखलं काय?

क्लेबॉर्नवरचा तो उड्डाणपूल काढून टाका, असं अनेक रहिवासी वर्षानुवर्षं म्हणताहेत. पूल गेला तर जागांचे भाव आणखी भडकतील, ही भीतीही त्याच वस्तीत आहे. आमचं मत स्पष्ट आहे: आधी तिथल्या भाडेकरूंना घराची हमी द्यावी, मगच पुलाला हात लावावा.