सुटे भाग आणि औचित्यविचार

मराठीतला सर्वांत चांगला शब्द कोणता, असा प्रश्न वर्गात कोणी विचारला तर बाकीचे विद्यार्थी हसतील. शब्दाचा कस त्याच्या जागेवर लागतो, आगेमागे कोणते शब्द आहेत यावर त्याचे तेज ठरते, हे त्यांना पहिल्याच सत्रात उमगलेले असते. परंतु हेच विद्यार्थी, आणि त्यांचे काही अध्यापकही, संगणकावरच्या खेळांसाठी उंची यंत्र घ्यायला निघाले की दुकानात पहिला प्रश्न विचारतात तो असा: सर्वांत चांगले ग्राफिक्स कार्ड कोणते? आमच्या मते हा प्रश्न आधीच्या प्रश्नाइतकाच निरर्थक आहे. फरक एवढाच की येथे कोणी हसत नाही. दुकानदार तर मुळीच नाही.

साहित्यचर्चेच्या जागी हा विषय कशाला, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. एक कारण उघड आहे. आजचा विद्यार्थी कथा ऐकतो, वाचतो, पाहतो, तशी खेळतोही. त्याच्या आस्वादाच्या साधनांविषयी बोलणे आम्हांला परके वाटत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अशा यंत्राची किंमत सहज दोन-तीन लाखांच्या घरात जाते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाएवढी ही रक्कम आहे. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड माहितीकेंद्रांनी मेमरीच्या चिप्स ओढून घेतल्या आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला महागाई आली. अशा वेळी एवढ्या मोठ्या निवडीचा निर्णय आपण आपल्या विवेकाने घेतो की क्रमवारीच्या यादीवर सोपवतो, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. अलंकार, गुण, रस यांची थोरवी त्याने नाकारली नाही. ज्याच्या त्याच्या जागी शोभेल ते उचित, आणि हे औचित्यच काव्याचा प्राण, एवढेच त्याचे प्रतिपादन होते. संगणक जुळवणाऱ्याला याहून नेमके सूत्र सापडणे कठीण आहे. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, मदरबोर्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर ही यादी म्हणजे शब्दकोश होय. त्यातून रचना करायची तर आधी विचारले पाहिजे: खेळणार काय, आणि पाहणार कशावर?

'पाहणार कशावर' हा प्रश्न बहुतेक जण शेवटी, उरलेल्या पैशांत उरकतात. वास्तविक तो पहिला आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात, १४४० पीवर सुमारे ३७ लाख, तर ४ केवर सुमारे ८३ लाख. म्हणजे ४ केचा पडदा घेतला की ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्रासाठी फुल एचडीच्या चौपट बिंदू रंगवावे लागतात. दुसरीकडे रिफ्रेश रेट आहे. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एका चित्रासाठी यंत्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. २४० हर्ट्झच्या पडद्याचा पुरेपूर उपयोग करायचा तर जेमतेम ४.२. पहिल्या मागणीचा भार मुख्यतः कार्डावर पडतो, दुसरीत प्रोसेसरचीही दमछाक होते. अर्थात पडदा ठरल्याशिवाय कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात पैसे कसे वाटायचे हे ठरूच शकत नाही. कार्डावर दोन लाख घालून ते फुल एचडीच्या, ६० हर्ट्झच्या जुन्या पडद्याला जोडणारे लोक आहेत. नाट्यगृह उत्तम बांधून पडदा अर्धाच वर करावा, तसा हा प्रकार.

'खेळणार काय' याचे उत्तरही असेच निर्णायक असते. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट गंभीरपणे खेळणाऱ्याला झाडाच्या पानावरचा प्रकाश नको असतो. प्रतिस्पर्धी कोपऱ्याआडून निघताक्षणी दिसावा, एवढेच त्याला हवे असते. तो चित्राची सजावट मुद्दाम कमी ठेवतो, आणि त्याचा खर्च जलद प्रोसेसर व जलद पडदा यांवर शोभतो. उलट सायबरपंक २०७७ मध्ये २०२३ साली आलेली पाथ ट्रेसिंगची सोय ज्याला अनुभवायची आहे, पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर निऑनचे दिवे कसे विरघळतात हे ज्याला पाहायचे आहे, त्याच्या यंत्रात कार्डाला मानाचे स्थान हवे. दोघांनी एकच 'उंची' संगणक घेतला तर दोघांचेही काही लाखांतले बरेच हजार वाया जातील, आणि दोघांनाही ते कळणार नाही. न कळणे हाच यातला खरा तोटा आहे.

महाग ते उचित असतेच असे नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रोसेसरच्या क्षेत्रातले आहे. एएमडीने २०२२ साली रायझन ९ ७९५०एक्स हा १६ कोअरचा प्रोसेसर ६९९ डॉलरला आणला. पुढच्या वर्षी आला रायझन ७ ७८००एक्स३डी: कोअर निम्म्या, म्हणजे ८, आणि किंमत ४४९ डॉलर. तरीही बहुतेक खेळांत हा धाकटा भाऊ थोरल्याच्या पुढे निघतो. कारण त्याच्यावर ९६ एमबी एवढी मोठी एल३ कॅशे बसवलेली आहे. खेळाला सतत लागणारी माहिती हाताशी राहते, रॅमपर्यंत जाण्याच्या खेपा वाचतात. टेबलावर लागणारी सारी पुस्तके मांडून बसलेला एक अभ्यासक आणि दर संदर्भासाठी ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर धावणारे दोन अभ्यासक, असा हा सामना आहे. चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमिती चित्रे तयार करण्याचे काम असेल तर थोरला भाऊच कामाचा. म्हणजे येथेही श्रेष्ठत्व वस्तूत नाही, तिच्या योजनेत आहे.

आता आकड्यांविषयी. या क्षेत्रातली समीक्षा मोजमापांवर चालते, आणि तिच्याविषयी आम्हांला आदर आहे. आपल्या क्षेत्रात इतक्या सचोटीने पुरावा मांडला जात नाही. पण पुरावाही वाचावा लागतो. एका सेकंदात ६० चित्रे, ही सरासरी घ्या. त्यांतली ५९ चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली आणि साठाव्याने ४१० मिलिसेकंद घेतले, तरी सरासरी साठच भरते. खेळणाऱ्याला मात्र तेथे ठेच लागल्यासारखे वाटते. मात्रांची बेरीज बरोबर असूनही यतिभंगाने ओळ अडखळावी, तसे हे आहे. म्हणून जाणते परीक्षक सरासरीशेजारी सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेगही देतात. तो आकडा आधी पाहावा. रॅम अपुरी असली, कार्डावरची मेमरी खेळाला पुरेनाशी झाली, प्रोसेसर मागे पडला, तर त्याची पहिली चाहूल तेथेच लागते.

मोजमापाचा संदर्भही पाहिला पाहिजे. प्रोसेसरची परीक्षा करताना परीक्षक मुद्दाम सर्वांत बलवान कार्ड आणि कमी रिझोल्यूशन घेतात. कार्डाची आडकाठी दूर करून प्रोसेसरांमधला फरक उघडा पाडणे हा त्यामागचा रास्त हेतू असतो. पण तोच तक्ता पाहून ४ केवर खेळणारा ग्राहक महागडा प्रोसेसर घेतो, आणि त्याच्या पडद्यावर मात्र दोन प्रोसेसरांमधले अंतर जवळजवळ मावळलेले असते, कारण तेथे सारा वेग कार्डानेच अडवून धरलेला असतो. तक्ता खोटा नव्हता. अवतरण संदर्भातून तोडले की काय होते, हे साहित्याच्या अभ्यासकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आणि नावे! एनव्हिडियाने सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० या एकाच नावाची दोन कार्डे जाहीर केली, एक १६ जीबीचे व दुसरे १२ जीबीचे. नावावरून वाटावे की फरक केवळ मेमरीचा. प्रत्यक्षात दोघांच्या चिपच वेगळ्या होत्या आणि दुसऱ्याची ताकद बरीच कमी होती. टीका झाली, ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीचे कार्ड मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने बाजारात आणले. लॅपटॉपच्या बाबतीत ही गफलत अजून चालूच आहे. टेबलावरच्या संगणकातल्या आरटीएक्स ५०९० वर ३२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपमधल्या त्याच नावाच्या कार्डावर २४ जीबी, आणि चिपही धाकटी. नाव तेच, अर्थ निराळा. अनेकार्थी शब्दांवर ज्यांनी पानेच्या पाने लिहिली, त्यांनी येथे फसू नये अशी आमची अपेक्षा आहे.

काही भाग असे आहेत की त्यांच्याविषयी कोणी फुशारकी मारत नाही. एसएमपीएस हा त्यांतला पहिला. एकट्या आरटीएक्स ५०९० ची विजेची मर्यादा ५७५ वॉट आहे आणि त्यासाठी किमान १००० वॉटचा एसएमपीएस घ्यावा असे कंपनीच सांगते. त्यावरचा '८० प्लस'चा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. विजेचा दाब अचानक चढला-उतरला तर आतले संरक्षण किती, याची तो ग्वाही देत नाही. महाराष्ट्रातल्या लहान गावांत जेथे वीज लपंडाव खेळते, तेथे चांगला एसएमपीएस आणि पुरेशा क्षमतेचा यूपीएस यांवरचा खर्च हा चैनीचा भाग मानू नये. उष्णतेचेही तसेच. ८०० वॉट खाणारे यंत्र रोज चार तास चालले तर महिन्याला सुमारे ९६ युनिट वीज जळते, आणि ती सारी अखेर खोलीत उष्णता होऊन उतरते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात याचा अर्थ काय, हे तिकडच्या वाचकांना ठाऊक आहे. हवा खेळती ठेवणारे साधे कॅबिनेट येथे काचेच्या बंद, झगमगत्या पेटीपेक्षा उचित. रंगीबेरंगी दिवे हा अलंकार आहे. त्याला आमचा विरोध नाही, पण रसहानी करून अलंकार मिरवू नये.

काही औचित्य तर फुकट मिळते. रॅमच्या एका पट्टीऐवजी जोडी बसवावी. ६००० च्या वेगाची डीडीआर५ रॅम आणली तरी बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपीची सोय चालू केल्याशिवाय ती त्या वेगाने धावत नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न जोडता कार्डाला जोडावी, आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट साठावरच राहिला नाही ना, हे पाहावे. एवढ्या चार गोष्टींअभावी कित्येक उंची यंत्रे मुकी राहतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही: ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने प्रत्येक भाग सर्वोच्च घ्यावा, मग औचित्याची उठाठेव कशाला? आमचे उत्तर असे की सर्वोच्च भागही परस्परांशी भांडतात. सर्वांत तापणारे कार्ड आणि सर्वांत देखणे बंद कॅबिनेट एकत्र नांदत नाहीत. शिखरावरच्या आकड्यासाठी यंत्र ताणले की त्याची किंमतही मोजावी लागते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या बलाढ्य प्रोसेसरांत अस्थिरतेच्या तक्रारी आल्या, तेव्हा प्रमाणाबाहेर चढणारा विद्युत्‌दाब हे कारण कंपनीने २०२४ साली मान्य केले, सुधारणा दिली आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला. शिवाय सर्वोच्च हे पद या बाजारात फार काळ टिकत नाही. ज्याने केवळ पद विकत घेतले, त्याच्याजवळ नंतर काय उरते? ज्याने आपल्या खेळापुरते यंत्र जुळवले, त्याचे समाधान नव्या कार्डाच्या घोषणेने कमी होत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रथम निंटेंडो स्विच या हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर आला. भारतीय पुराणकथांच्या जगात आपल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ही कथा भोगायला तीन लाखांचा संगणक लागत नाही. पाथ ट्रेसिंगमधला ओला रस्ता पाहायला मात्र बलवान कार्ड लागते, आणि तो पाहण्याची हौस आम्ही कमी लेखत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी एक कागद घ्यावा. येत्या दोन वर्षांत खरोखर खेळणार आहोत त्या पाच खेळांची नावे त्यावर लिहावीत. त्याखाली पडद्याचे माप, आणि त्याखाली खोलीतल्या विजेची स्थिती. भागांची यादी त्यानंतर करावी. दुकानदाराने त्यातले काही खोडून अधिक महागडे सुचवले, तर 'का?' एवढेच विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्यावे.