पेटीला जमीन लागत नाही, अर्जाला मात्र लागते!

पाचगणी म्हटले की बाहेरच्या माणसाला टेबललँड आठवते, निवासी शाळा आठवतात, स्ट्रॉबेरी आठवते. त्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात दिवसभर वाकून फळे तोडणारे हात कोणाचे, हे कोणी विचारत नाही. त्यांतले कित्येक हात अशांचे आहेत की ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही. अशा घरातील तरुणाने मधमाशीची पहिली पेटी ठेवावी काय? आमचे उत्तर आहे, जरूर ठेवावी. परंतु त्याच्या वाटेत सरकारने कोणता दगड ठेवला आहे, तेही त्याने समजून घ्यावे.

या धंद्याला सातारा जिल्ह्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जांभूळ आहे, हिरडा आहे, आणि आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी आहे. ती २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली.

नवख्याने आपली सातेरी माशी घ्यावी. युरोपियन मेलिफेरा माशी मध जास्त देते हे खरे. पण तिच्या पेट्या गाडीत घालून फुलोऱ्यामागे हिंडावे लागते, आणि ते भांडवल आपल्या तरुणाकडे नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते. तेथून तिची पोळी अलगद कापून चौकटींना बांधतात आणि राणी पेटीत आली की कामकरी माशा तिच्यामागे येतात. हे काम पहिल्यांदा जाणत्या मधपाळाबरोबरच करावे. पेटी सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला, दार पूर्वेकडे करून ठेवावी. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, नाहीतर मुंग्या चढतात. सारखी पेटी उघडून पाहण्याचा मोह टाळावा. उपाशी, मुंग्यांनी गांजलेली किंवा सतत हाताळलेली सातेरी पेटी सोडून सरळ उडून जाते. मध घ्यावा तो वरच्या मधकोठीतला. खालच्या कोठीत पिल्ले असतात, तिला हात लावू नये.

खरी परीक्षा पावसाळ्यात. या डोंगरावर जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, तळफळी साफ ठेवावी लागते, नाहीतर मेणकिडा पोळी पोखरतो. म्हणून सुरुवात पाऊस सरल्यावर करावी. एक नव्हे, दोन पेट्या ठेवाव्यात. एक कमजोर झाली तर दुसरीवरून कळते, सावरताही येते. दोन पेट्यांवर घर चालणार नाही, हेही सांगून ठेवतो. मजुरीला जोड मिळेल, इतकेच.

आता दगडाविषयी. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आहे, ५० टक्के स्वतःचे घालायचे. प्रशिक्षण सक्तीचे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाहीर अटी वाचा! वैयक्तिक मधपाळासाठी ‘स्वतःची शेती असल्यास प्राधान्य’. केंद्रचालक व्हायचे तर दहावी पास, आणि नावे किंवा भाड्याने किमान एक एकर शेतजमीन. माशी दीड-दोन किलोमीटर उडून कोणाच्याही झाडावरून मकरंद आणते, सातबारा बघत नाही. पेटीला हात-दोन हात जागा पुरते. मग एकराची अट कशासाठी? भाड्याने घ्या म्हणणाऱ्याने, बंगल्यांचे भाव चालतात त्या पाचगणीच्या उतारावर मजुराला एकर भाड्याने कोण देतो, तेही सांगावे.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात दाखवले होते की, दुखणे केवळ तुकड्यांचे नाही, जमिनीवर लादलेल्या फाजील माणसांचे आहे. त्यांना शेतीबाहेर काम हवे. त्यांनी औद्योगिकीकरण सांगितले, पेटी सांगितली नाही, हे आम्ही जाणतो. पण जमिनीवाचून चालणारा एखादा धंदा समोर असताना त्यालाच जमिनीची अट घालणे म्हणजे भूमिहीनाला दारातूनच परत पाठवणे.

दुसरी गोष्ट बागायतदारांची. स्ट्रॉबेरीच्या फुलावर माशी नीट फिरली नाही तर फळ वेडेवाकडे येते. हिमाचलात सफरचंदाचे बागवाले फुलोऱ्यात पेट्या भाड्याने घेतात. कॅलिफोर्नियात बदामवाले मधपाळांना मोठे भाडे मोजतात. मग आपल्या तरुणाची पेटी बांधावर ठेवू दिली म्हणून त्यानेच आभार मानायचे काय? भाडे मागावे, आणि फुलोऱ्यात औषध मारायचेच झाले तर माशा परतल्यावर, संध्याकाळी मारायचे, हे आधीच बोलून घ्यावे.

एकराची अट अनुसूचित जाती, जमाती व भूमिहीन अर्जदारांसाठी काढावी. ५० टक्के स्वहिस्सा अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीतून भरावा. गावठाणाच्या कडेची, शाळेची, ग्रामपंचायतीची पडीक जागा पेट्यांसाठी ठरावाने द्यावी. हा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडता येतो. त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.