ग्लासभर पाण्याचा भाडेकरू

शेअरिंगमध्ये टू-बीएचके घेतला की पहिल्या महिन्यात तीन गोष्टी घरात येतात. गॅसची शेगडी, वायफाय आणि मनीप्लांट. शेगडी कुणाच्या तरी आईने दिलेली असते, वायफायचे पैसे तिघांत वाटलेले असतात आणि मनीप्लांट... तो बहुतेक वेळा ढापलेला असतो! ऑफिसच्या रिसेप्शनवरून, घरमालकाच्या जिन्यातून, नाहीतर मावशीच्या गॅलरीतून. मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो, हा आपला राष्ट्रीय समज. त्यामागचा फंडा एकदम सोप्पा आहे. या वेलीची पेर असलेली कांडी कुठेही खोचा, ती लागतेच. चोराची लागते आणि पैसे मोजून आणणाऱ्या साव माणसाचीही लागते.

तेव्हा प्रश्न लागण्याचा नाही, टिकण्याचा आहे. आणि लातूर-नांदेडकडे त्याला जोडून आणखी एक प्रश्न येतो, जरा टोचणारा. जिथे लोकांनी पिण्याचं पाणी हंडे मोजून भरलंय, तिथे शोभेच्या वेलीला पाणी घालायचं?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि पावसाळ्यापर्यंत अशा शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. ज्या घरात भांडी घासलेलं पाणी पुन्हा फरशीला वापरलं गेलं, त्या घरातल्या आजी आज कुंडीत तांब्याभर पाणी ओतणाऱ्या नातीकडे बघून नाक मुरडत असतील, तर त्यांचं काही चुकत नाही.

पण हिशेब तरी बघू या. आठ इंची कुंडीतल्या मनीप्लांटला एका वेळी एक ते दीड ग्लास पाणी पुरतं. कडक उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, पावसाळ्यात आठवड्याने, थंडीत दहा-पंधरा दिवसांनी. म्हणजे महिन्याला दीड-दोन लिटर. बाथरूममधल्या फ्लशचं बटण एकदा दाबलं की त्याच्या तिप्पट पाणी जातं. मांजराच्या खोऱ्यातलं पाणी कुणी प्यायलं हे विचारायचंच असेल तर उसाला विचारावं, त्यात कुंडीचं नाव येणार नाही. थोडक्यात, आपल्या भागात घरात एकच झाड ठेवायचं असेल तर ते हेच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र एका अटीवर. त्याचे लाड करायचे नाहीत.

कारण मनीप्लांट तहानेने क्वचितच मरतो. तो मरतो पाण्याने. या वेलीचं माहेर ताहितीच्या शेजारचं मोओरेआ नावाचं बेट. तिथे पाऊस मुबलक, पण ही वेल झाडाच्या खोडाला धरून वर चढते, हवेत मुळं सोडते. पाऊस पडतो, वाहून जातो, मुळांना पुन्हा वारा लागतो. आपण काय करतो? तळाला भोक नसलेल्या गोंडस सिरॅमिकच्या कुंडीत तिला बसवतो आणि रोज सकाळी ऑफिसला निघताना 'बाय' म्हणत पाणी घालतो. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडतात, देठ काळं आणि बुळबुळीत होतं, मातीला आंबूस वास येतो. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वेल मलूल दिसते. मलूल दिसली म्हणून आपण आणखी पाणी घालतो. खेळ खल्लास!

म्हणून वार ठरवून पाणी घालणं बंद. मोबाईलवर रिमाइंडर लावणं तर अजिबात नको. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर हात धुवा आणि कामाला जा. कोरडं लागलं तरच पाणी, तेही तळाच्या भोकातून चार थेंब बाहेर येईपर्यंत. खरंच तहानलेली वेल पानं ढिली सोडते, किंचित वळवते आणि पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा ताठ होते. तेवढं नाटक तिला करू द्यावं.

आता माती. इथे गावाकडचं प्रेम आडवं येतं. सुट्टीला गेलं की शेतातली काळी माती पोत्यात भरून आणायची, कुंडीत घालायची आणि 'आमच्या रानातली आहे' असं पाहुण्यांना सांगायचं. काळी माती रानात सोनं आहे, मान्य. सोयाबीन येतं, हरभरा येतो, कारण ती ओल धरून ठेवते. कुंडीत मात्र तिचा हाच गुण वाकडा पडतो. ओली असली की चिखल, वाळली की वीट. उन्हाळ्यात ती आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मुळं बिचारी मधल्या ढेकळात कोरडीच. तेव्हा काळी माती घ्यायचीच असेल तर तिसरा हिस्सा घ्या. बाकी कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत आणि बांधकामावर पडलेली जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे. मूठभर मिश्रण ओलं करून दाबलं आणि हात उघडल्यावर ते भुसभुशीत सुटलं, की जमलं.

पाणी कोणतं, हा आपल्याकडचा खरा किचकट मुद्दा. बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच कुंडीच्या कडेलाही बसतो, मग पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. पाणी वाचवण्याच्या नादात अनेक जण आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून निघणारं पाणी झाडांना घालतात. भावना चांगली, पण ते पाणी म्हणजे मूळ पाण्यातले क्षार गोळा करून बाहेर टाकलेलं पाणी. बोअरपेक्षाही जड. त्याने फरशी पुसा, बाथरूम धुवा, कुंडीत घालू नका. कूलरच्या टाकीच्या तळाला उरलेल्या पाण्याचंही तेच, वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात.

मग काय घालायचं? एसीच्या पाइपमधून टपटपणारं पाणी. हवेतली वाफ थंड होऊन बनलेलं हे पाणी जवळपास क्षारमुक्त असतं आणि ऑफिसात, घरात ते नुसतंच गॅलरीत सांडतं. एक बादली लावा, आठवडाभराची सोय झाली. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीही अधूनमधून चालतं, फक्त मीठ पडायच्या आधीचं. उरलेला चहा मात्र नको. दूध-साखरेने मुंग्या लागतात आणि बुरशी येते, आणि 'चहापत्ती खत असते' हा युक्तिवाद मातीला पटत नाही. सगळ्यात भारी उपाय जूनमध्ये फुकट मिळतो. पहिले दोन-चार पाऊस होऊन गेले की कुंडी थेट ऊन न लागणाऱ्या जागी बाहेर ठेवा आणि एक चांगला पाऊस तिच्यावरून जाऊ द्या. वर्षभराचे क्षार धुऊन निघतात. खत द्यायचं तर तेव्हाच, मूठभर, बस्स.

'मातीची कटकटच नको, आम्ही बाटलीत लावलाय' असं म्हणणारे पुष्कळ. बाटलीत तो वर्षानुवर्षं जगतो, यात शंका नाही. पानं लहान राहतात एवढंच. पण आपल्याकडे बाटलीचा धोका वेलीला नसतो, घरातल्यांना असतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' फक्त बॅरल आणि रांजणांसाठी आहे असं समजू नका. दर रविवारी बाटली रिकामी करा आणि आतून घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी काचेला चिकटून राहतात.

जागा निवडताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा. नांदेडला पारा ४२ च्या वर गेला की पश्चिमेच्या गॅलरीत माणूस उभा राहत नाही, हे तर पान आहे. दुपारचं ऊन लागलं की त्यावर कागद जळल्यासारखे डाग पडतात. पूर्वेची खिडकी उत्तम. दुसरं टोक म्हणजे टीव्हीमागचा अंधारा कोपरा. तिथे वेल मरत नाही, पण पानांवरची पिवळी नक्षी हळूहळू पुसली जाते, कारण कमी उजेडात तिला हिरवा रंग जास्त बनवावा लागतो. नक्षी गेली म्हणजे उजेड कमी पडतोय, असा साधा हिशेब. आणि एक गंमत. एसीची कोरडी हवा तिला आवडत नाही, पण आपला साधा गवताच्या जाळीचा कूलर तिला मानवतो. कूलर हवेत ओलावा सोडतो ना! फक्त झोत थेट पानांवर नको. डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा कुंडी गॅलरीतून आत घ्यावी.

आता या वेलीची खरी हौस. ती चढायची आहे. आपण तिला कपाटावरून, फ्रिजवरून खाली लोंबकळत सोडतो, दिसतं छान, पण खाली उतरणाऱ्या फांदीची पानं बारीक होत जातात. तिला आधार मिळाला, हवेतली मुळं कशात तरी रुतली, की पानं मोठी होऊ लागतात. तिच्या मूळ मुलखात झाडावर चढलेल्या वेलीचं पान हातभर होतं आणि त्याला चिरा पडतात, इतकं की हाच तो मनीप्लांट हे ओळखू येत नाही. पानमळ्यात नागवेलीला शेवरी-पांगाऱ्याचा आधार देतात, ती कल्पना हीच. ऑनलाइन 'मॉस स्टिक' मागवायची गरज नाही. गंजगोलाईत किंवा वजिराबादेत हार्डवेअरच्या दुकानातून दोन-अडीच फुटांचा पीव्हीसी पाइप आणि काथ्याची दोरी आणा. दोरी घट्ट गुंडाळा, पाइप कुंडीत मधोमध रोवा आणि वेल सैल सुतळीने बांधा. मुळं दोरीकडे वळलेली हवीत. आठवड्यातून दोनदा दोरी ओली करा. तीन-चार महिने काहीच होत नाही, मग एक दिवस वरचं नवं पान खालच्यापेक्षा मोठं निघतं. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकण्याचा क्षण तो!

चढून चढून छताला टेकली तर छाटा. उसाचं बेणं कसं डोळा बघून तोडतात, तसंच इथे. पेराच्या जरा खाली कापायचं. पेर नसलेला नुसता देठ-पानाचा तुकडा पाण्यात महिनोन्महिने हिरवा राहतो, मुळंसुद्धा फोडतो, पण त्यातून नवी फांदी कधी फुटत नाही. चोरी करणाऱ्यांनी विशेष नोंद घ्यावी.

राहिला 'हवा शुद्ध करतो' हा डायलॉग. १९८९ मध्ये नासाने बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केले होते, त्यावर नर्सरीवाल्यांचा धंदा अजून चालतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने प्रयोग पुन्हा तपासले आणि हिशेब मांडला, की इमारतीत खेळणाऱ्या हवेइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील. तुमच्या खोलीत मग तुम्हीच मावणार नाही. खिडकी उघडा, स्वस्तात पडेल. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते.

आणि दिवाळीत गावाला जाताना काय, हा सगळ्यांचाच प्रश्न. दहा-बारा दिवस काहीही होत नाही. निघायच्या दिवशी नीट पाणी द्या, कुंडी खिडकीपासून जरा आत सरकवा, कुलूप लावा. फक्त शेजारच्या काकूंना 'जरा झाडाकडे बघा हं' म्हणून चावी देऊन जाऊ नका. काकू मायाळू असतात, त्या रोज तांब्याभर घालतात. चावी द्यायचीच असेल, तर नळाला पाणी आलं की टाकी भरून घ्यायला सांगा आणि कुंडीला हात लावायचा नाही, असं चिठ्ठीवर लिहून ठेवा.