घर नवे होताना गल्लीही जपू या

नवेगाव बांधसारख्या गावात कवेलूची घरे जाऊन स्लॅबची घरे उभी राहत आहेत. रेतीचा ट्रॅक्टर गल्लीतच रिकामा होतो, गिट्टीचा ढीगही तिथेच पडतो. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले कामधंद्यासाठी नागपूर-मुंबईला आहेत आणि तिकडे जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. काम एका घराचे असो की शंभर घरांचे, प्रश्न तेच राहतात: गाडी कुठे लावायची, सामान कधी उतरवायचे, धूळ आणि आवाज किती सोसायचा? म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या समाजाच्या जवळचे मोठे उदाहरण मुंबईच्या भेंडी बाजाराचे आहे. दाऊदी बोहरा समाजाचे सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने 2009 साली सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे 250 इमारती, 3200 कुटुंबे आणि 1250 दुकाने एवढा हा पसारा. भोवती गजबजलेला बाजार चालूच होता, म्हणून काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले गेले. रहिवाशांची आधी संक्रमण घरांत सोय करायची आणि मगच इमारत पाडायची, असा क्रम ठरला.

हा क्रम किती मोलाचा आहे, ते 31 ऑगस्ट 2017 रोजी कळले. याच भागातील हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि 33 माणसे गेली. काही कुटुंबे आधीच हलवली होती, काही तिथेच राहत होती. घर सोडणे कुणालाच सोपे नसते, दुकानदाराला तर गिऱ्हाईक तुटण्याची भीती असते. म्हणूनच पर्यायी जागा, तिचे भाडे आणि परतण्याची मुदत हे सारे लेखी हवे. नुसत्या तोंडी शब्दावर म्हातारे अम्मी-अब्बा घराबाहेर पडायला तयार होत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही.

आता पार्किंग. स्टिल्टखालची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला होता. तेव्हा "पार्किंगचे पैसे वेगळे" असे कुणी म्हटले, तर कोणत्या पार्किंगचे ते आधी विचारा. काम चालू असताना गाड्या कुठे राहतील, हेही करारात लिहून घ्या. नाहीतर त्या शेजारच्या मोहल्ल्यात जातात आणि भांडणे सुरू होतात.

सामानाच्या गाड्यांचे वेळापत्रक आठवड्याआधी फलकावर लागावे. तयार काँक्रीट साधारण दीड-दोन तासांत ओतावे लागते, मिक्सर ताटकळत उभा राहू शकत नाही. त्या दिवशी गल्ली रिकामी हवी, हे लोकांना आदल्या दिवशीच कळले पाहिजे. शाळा भरण्या-सुटण्याची आणि जुम्याच्या नमाजची वेळ टाळावी. ट्रक मागे घेताना एक माणूस खाली उभा असलाच पाहिजे, कारण चालकाला मागचे लहान मूल दिसत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब आणि जनाजा जाईल एवढी वाट कायम मोकळी राहावी.

आवाजाचा नियम देशभर आहे: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. धुळीसाठी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये नियमावली काढली. बांधकामाभोवती पत्र्याचे उंच कुंपण, पाण्याचा फवारा, झाकलेले ट्रक, बाहेर पडताना धुतलेली चाके, हे सारे तिच्यात आहे. आपल्या गावातही रेती ताडपत्रीने झाकायला आणि पाणी शिंपडायला फारसा खर्च येत नाही. दम्याच्या रुग्णाला मात्र त्याने मोठा आराम मिळतो.

पायाचे काम सुरू होण्यापूर्वी शेजारच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून दोघांनीही ठेवावेत. पुढे तडा गेलाच, तर तो जुना की नवा यावर वाद होणार नाही.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच एक भाग आहे, हे आपण मुलांना शिकवतो. मग आपल्या घराची गिट्टी रात्रभर रस्त्यात ठेवताना शेजाऱ्याला विचारायला नको का? वाचकहो, काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन किती दिवस त्रास होईल ते सांगा आणि आपला फोन नंबर देऊन या.