जुन्या शेजाऱ्यांकडे दोन दिवस

‘आता या वयात कुठे जायचे?’ हे वाक्य दवाखान्यात फार वेळा कानी पडते. बहुधा ते रुग्णाचे नसतेच. सोबत आलेल्या मुलाचे किंवा सुनेचे असते. त्यामागे माया असते आणि धास्तीही असते. परंतु घरी थांबवून ठेवण्याचा निर्णय हासुद्धा एखाद्या औषधासारखाच असतो. त्याचेही दुष्परिणाम असतात. फक्त ते वेष्टनावर छापलेले नसतात.

माझ्याकडे नियमित येणारे एक गृहस्थ आहेत, वय ७९. हृदयाची ताकद कमी झालेली, जोडीला वीस वर्षांचा मधुमेह. किर्लोस्करवाडीच्या वसाहतीत ज्या कुटुंबाच्या शेजारी त्यांनी संसाराची बावीस वर्षे काढली, ते स्नेही निवृत्तीनंतर वाईला स्थायिक झाले. त्या स्नेह्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे गेली दोन वर्षे दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी त्यांना साताऱ्यास डायलिसिससाठी जावे लागते. ते पुण्याला येऊ शकत नाहीत, म्हणून या पती-पत्नींना शनिवार-रविवार वाईला जायचे होते. मुलगा म्हणाला, “आई, रोज व्हिडिओ कॉल होतो की.” त्यावर आजी म्हणाल्या, “फोनवर बोलता येतं रे. नुसतं शेजारी बसता येत नाही.”

मी जाण्यास आनंदाने संमती दिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून तपासली होती. ज्यांचे स्नेहसंबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. एका भेटीने आयुष्य वाढते, असा अर्थ यातून काढू नये. पण माणसे तुटत गेली की प्रकृतीही खचत जाते, हे कोणत्याही कौटुंबिक डॉक्टरने डोळ्यांनी पाहिलेले असते.

संमती दिली म्हणजे हात झटकले असे नव्हे. पुणे ते वाई हा प्रवास जेमतेम अडीच तासांचा. तरीही खंबाटकी घाटाच्या चढावर वाहने अडकली की किती वेळ जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी ज्येष्ठ मंडळी हमखास एक गोष्ट करतात: वाटेत लघवीला जावे लागेल म्हणून लघवीची गोळी गाळतात आणि पाणीही पीत नाहीत. हृदयविकाराच्या रुग्णाने ही गोळी परस्पर बंद केल्यास अंगात पाणी साठून दम लागू शकतो. पुष्कळदा ती पोहोचल्यानंतर घेण्याची मुभा देता येते. मात्र ती वेळ आपल्या डॉक्टरांनी ठरवून द्यावी. आम्ही तसेच केले. औषधे डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावीत, आणि इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कदापि राहू देऊ नये.

खरा धोका प्रवासापेक्षा गप्पांमध्ये असतो. वर्षानुवर्षांनी भेटलेली माणसे बोलू लागली की साडेबाराचे जेवण अडीचवर जाते. इकडे इन्सुलिन किंवा साखरेची गोळी मात्र वेळेवर घेतलेली असते. मग हाताला कंप, घाम, शब्दांची गफलत. आणि भोवतालच्यांना वाटते, भेटीने भरून आले आहे. म्हणून ताट समोर आल्याखेरीज सुई घेऊ नये, आणि खिशात साखर ठेवावी. रात्रीसाठी बॅटरी न्यावी. परक्या घरात अंधारात न्हाणीघर शोधताना पडून मोडलेली खुब्याची हाडे मी पुष्कळ पाहिली आहेत.

यजमान डायलिसिसवर असतील तर पाहुण्यांनी आणखी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. आजारी माणसाकडे जाताना आपण संत्र्या-मोसंब्यांची पिशवी नेतो, शहाळे नेतो. डायलिसिसच्या रुग्णाला यातील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते, कारण ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करीत नाहीत आणि रक्तात ते अतोनात वाढल्यास हृदयाची लय बिघडते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही पुष्कळदा पोटॅशियमच असते. लोणचे, पापड, फरसाण यांनी तहान वाढते. चहा, ताक, आमटी हे सारे दिवसाच्या ठरलेल्या पाण्यातच मोजायचे असते. ‘माझ्यासाठी अर्धा कप घे’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी नको. ज्या हातावर फिस्टुला केलेली असते तो हात ओढू किंवा आवळू नये. मिठी मारायला हरकत नाही.

शिवाय सोमवार-बुधवार-शुक्रवार या वेळापत्रकात शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वांत मोठे असते. पाणी साठते ते याच दिवसांत, आणि पाहुणेही नेमके याच दिवसांत येतात.

वाईला पहिला दिवस छान गेला. संध्याकाळी चौघे गणपती घाटावर गेले. पायऱ्या न उतरता वरच बसून कृष्णेकडे पाहत राहिले. वसाहतीतील कोण कुठे आहे याची उजळणी झाली, त्यात ‘गेले’ हा शब्द बराच वेळा आला. तरुणपणच्या आठवणी उतारवयात अधिक ठसठशीत राहतात, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. कालचे जेवण न आठवणाऱ्या या दोघांना चाळीस वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवातील नाटकाची पात्रयोजना तोंडपाठ होती.

रात्री दोघे मित्र एका खोलीत झोपले. पहाटे दोनच्या सुमारास माझ्या रुग्णाला जाग आली, तेव्हा यजमान तीन उशांना टेकून बसलेले दिसले. “झोप येत नाही, सवयीचंच आहे,” ते म्हणाले. पत्नीला त्रास नको म्हणून काही आठवड्यांपासून ते वेगळ्या खोलीत झोपत होते. त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आमच्या गृहस्थांनी मात्र हे बसणे स्वतः भोगले होते. आडवे होताच दम कोंडतो आणि उठून बसल्यावर हलके वाटते, हे छातीत पाणी साठू लागल्याचे लक्षण आहे, हे त्यांना दोन वर्षांपूर्वीच्या रुग्णालयवासाने शिकवले होते. मित्र नको म्हणत असताना त्यांनी वहिनींना उठवले आणि उजाडताच डायलिसिस केंद्राला दूरध्वनी करायला लावला. त्याच दिवशी जादा डायलिसिस झाले. पुढे तेथील डॉक्टरांनी डायलिसिसनंतरचे अपेक्षित वजन कमी करून दिले. भूक मंदावून अंगावरचे मांस उतरले होते आणि त्याची जागा पाण्याने भरून काढली होती. वजनकाट्याला तो फरक कळत नाही.

रविवारचे मेणवलीला जाणे राहून गेले. आजींनी तो दिवस स्वयंपाकघरात वहिनींसोबत काढला. दोन वर्षांत वहिनींना दुपारी सलग दोन तास झोप मिळाली ती त्याच दिवशी, असे त्यांनी मला आवर्जून सांगितले. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला भेटायला जाताना आपण बहुधा रुग्णाच्या उशाशी बसतो. त्याऐवजी तासभर तिचे काम अंगावर घ्यावे. तिला आडवे होऊ द्यावे.

दिवाळीनंतर पुन्हा वाईस जाण्याचा बेत ठरला आहे. या खेपेस गाडी घेऊन मुलगा स्वतः जाणार आहे. त्याला मी दुपारच्या जेवणाच्या वेळेवर लक्ष ठेवायला सांगितले आहे.